लेझर जुळला म्हणजे रायफल झीरो झाली?

नागपुरात नवशिक्या नेमबाजाला हमखास ऐकवतात: लेझर बोअरसायटर (नळीच्या रेषेत लाल ठिपका टाकणारं यंत्र) लावा, ठिपक्यावर साइट (नेम धरायचं साधन) जुळवा, झालं काम, रायफल झीरो! म्हणजे नेम धराल तिथेच गोळी. असं होत नाही. लेझर सरळ जातो. गोळी नळीतून सुटताच खाली यायला लागते. पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलची साधी गोळी ५० मीटरवर नळीच्या रेषेपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर खाली असते. काडतुसांचा लॉट (कारखान्यातली खेप) बदलला की गोळी थोडी वेगळीकडे लागू शकते; ते लेझरला काय कळणार? काही बोअरसायटर काडतुसाच्या आकाराचे असतात आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, बसतात; तसं लेझर-काडतूस जागच्या जागी फिरवून बघा. ठिपका गोल फिरला तर यंत्रच वाकडं. आणि आपल्याकडच्या उन्हात ५० मीटरवर लाल ठिपका दिसला तर नशीब! पहिली गोळी कागदावर लागावी, एवढाच याचा उपयोग. झीरोइंग गोळ्या झाडूनच होतं. नळीच्या तोंडात बसवलेला लेझर मात्र त्याआधी आठवणीने काढा, नाहीतर जिवावर बेतेल.