एमएस असला तरी एपिड्युरल घेता येतं

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असेल तर बाळंतपणात एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन नको, त्याने आजार उसळतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, आणि दोष सुईवर जातो. पण एपिड्युरल न घेतलेल्यांतही ही वाढ दिसते. युरोपातल्या १२ देशांतल्या २५४ स्त्रियांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एपिड्युरलचा आजार उलटण्याशी संबंध आढळला नाही. सिझेरियनसाठी स्पायनल भूलही बहुतेकींना देता येते. भूलतज्ज्ञांना मात्र आधीच भेटा. पायांतली ताकद, बधिरपणा तेव्हाच नोंदवलेला असला की नंतर गोंधळ होत नाही. केवळ एमएसमुळे कुणी कळा सोसायला लावत असेल, तर कारण जरूर विचारा.