निर्माल्याच्या ढिगाला ताप येतो तेव्हा

अनंत चतुर्दशी उलटून चार दिवस झाले होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी एक फोटो आला. आवारातल्या खताच्या पेटीचं झाकण उघडलेलं, आतून वाफ निघतेय आणि खाली ओळ : 'पेटीला आग लागली आहे का? फायर ब्रिगेडला फोन करू?' मी स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन खाली गेलो आणि ढिगाच्या मध्यात खुपसला. आकडा चढत चढत 62 अंश सेल्सिअसवर थांबला. बाहेरची हवा तेव्हा 30 अंशांची होती.

ग्रुपवर पुष्कळ हसाहशी झाली. मला मात्र तो प्रश्न अगदी शहाणपणाचा वाटला. रसायनशास्त्राच्या भाषेत त्या पेटीत खरोखरच जळण चालू होतं, फक्त ज्वाळा नव्हती.

शाळेतलं समीकरण आठवा. ग्लुकोज अधिक ऑक्सिजन, मग कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा. लाकूड चुलीत जळतं तेव्हा हेच होतं, भाकरी पोटात पचते तेव्हा हेच होतं आणि झेंडूची पाकळी जिवाणू खातात तेव्हाही हेच होतं. फरक वेगाचा. एक किलो कोरड्या पिष्टमय पदार्थात सुमारे 17 मेगाज्यूल ऊर्जा असते. घरगुती गॅसच्या 14.2 किलोच्या सिलिंडरशी ताडून पाहिलं, तर साधारण 40 किलो कोरडा पाला-फुलं म्हणजे एक सिलिंडर. गणपतीत आमच्या चार मजल्यांनी मिळून निदान अर्धा सिलिंडर तरी पेटीत टाकला असेल.

जिवाणू ही सगळी ऊर्जा स्वतःसाठी वापरू शकत नाहीत. बरीचशी उष्णता म्हणून बाहेर पडते. ढीग मोठा असेल तर ती आतच अडकते आणि पाळीपाळीने कामगार बदलतात. पहिल्या एक-दोन दिवसांत कोमट हवेत रमणारे जिवाणू साखर आणि स्टार्च फस्त करतात, तापमान 40-45 अंशांवर नेतात आणि स्वतःच्याच उष्णतेने निकामी होतात. मग उष्णताप्रिय जिवाणूंची पाळी सुरू होते. ते ढीग 60-65 अंशांवर नेतात. 55 अंशांच्या वर सलग तीन दिवस राहिलं, की रोगजंतू आणि तणाची बी बहुतेक मरतात. 70 पार झालं, की हे कामगारही मरायला लागतात, म्हणून ढीग खालीवर करायचा. आत राखेसारखा पांढरा थर दिसला की लोक 'बुरशी लागली' म्हणून सगळं फेकून देतात. तो थर बहुतेक वेळा ॲक्टिनोमायसीट्स नावाच्या जिवाणूंचा असतो. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वास यांच्यातल्याच काहींची देणगी.

मग कुंडीतल्या खताला ताप का येत नाही? हिशेब भूमितीचा आहे. एक मीटर बाजूच्या घनाला दर घनमीटरमागे 6 चौरस मीटर पृष्ठभाग असतो, पाव मीटर बाजूच्या घनाला 24. उष्णता पृष्ठभागातून निसटते, म्हणजे छोटा ढीग चौपट वेगाने निवतो. कुंडीत खत होतं, पण ते थंडपणे आणि सावकाश होतं. 'कंपोस्टेबल' छाप मारलेले पारदर्शक पेले कुंडीत टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यातले बरेच पेले पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि ते कुजायला 60 अंशांच्या आसपासची उष्णता कित्येक आठवडे लागते. गॅलरीतल्या कुंडीत तो पेला पुढच्या गणपतीलाही तसाच भेटेल.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. तेव्हा प्रत्येक घराने दहा दिवसांचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारून साठवलं आणि विसर्जनानंतर एकदम पेटीत ओतलं. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. फुलं तीच, जिवाणूही त्याच जातकुळीचे. फक्त हवा नव्हती. ताज्या फुलांत वजनाने 85 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ती दबली की मधल्या फटी पाण्याने भरतात आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. जिवाणू आतला ऑक्सिजन काही तासांत संपवतात आणि बाहेरून नवा येईपर्यंत त्यांचा दम घुटतो. मग बिनहवेच्या मंडळींचं राज्य. ब्युटिरिक आम्ल, म्हणजे खवट लोण्याचा वास. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा. आणि शेवटी वास नसलेला मिथेन.

मला सगळ्यात भुरळ घालणारी गोष्ट इथे आहे. हवेत ग्लुकोज पुरता जळाला तर एका मोलमागे, म्हणजे 180 ग्रॅममागे, सुमारे 2,800 किलोज्यूल उष्णता मिळते. तोच रेणू बिनहवेत फुटून तीन मिथेन आणि तीन कार्बन डायऑक्साइड झाला, तर जेमतेम 5 टक्के उष्णता सुटते. उरलेली 95 टक्के मिथेनमध्ये दडून बसते. म्हणून सडणारी पिशवी फारशी तापत नाही. तिची आग पुढच्या तारखेला ढकललेली असते, इतकंच.

पुढची तारीख कधी येते, हे गोवंडी-चेंबूरकरांना विचारा. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं. खाली दबलेला ओला कचरा वर्षानुवर्षं मिथेन सोडतोय. हवेत मिथेनचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान आलं, की एक ठिणगी पुरते. जानेवारी 2016 च्या अखेरीस तिथे जी आग भडकली, तिचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उलट हाच मिथेन बंद टाकीत धरला, तर शेगडीला येतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्प याच तत्त्वावर चालतो.

यंदा आम्ही काय बदललं? इथून थोडं अंकगणित आहे, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा.

जिवाणूंना कार्बन ऊर्जेसाठी लागतो आणि नायट्रोजन शरीर बांधायला. नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे 25 ते 30 भाग, हे प्रमाण त्यांना मानवतं. फुलांचं प्रमाण 18 धरू. 10 किलो ओल्या फुलांत दीड किलो कोरडा माल, त्यात कार्बन सुमारे 675 ग्रॅम आणि नायट्रोजन सुमारे 38 ग्रॅम. नायट्रोजन जास्त झाला की तो अमोनिया होऊन उडतो, नाकाला झोंबतो. आता त्यात एक किलो पुठ्ठा फाडून घाला. पुठ्ठ्यात नायट्रोजन जवळजवळ नसतोच, कार्बन मात्र 420 ग्रॅमच्या आसपास. बेरीज 1,095 भागिले 38, म्हणजे जवळपास 29. गणित जमलं! मीही खूश झालो होतो. पण 11 किलोत पाणी अजून साडेआठ किलो, म्हणजे 77 टक्के, आणि ढिगाला हवं 50-60 टक्के. पाणी आटोक्यात आणायला आणखी तीन किलो पुठ्ठा घालावा, तर कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 60 च्या घरात जातं आणि जिवाणू उपाशी सुस्तावतात. उत्तर आहे पुठ्ठ्याऐवजी वाळका पाला. त्याचं प्रमाण 50 धरलं, तर चार किलो पाल्यात पाणीही 60 टक्क्यांवर येतं आणि प्रमाण 34 च्या आसपास राहतं. थोडं जास्त, पण चालतं.

थोडक्यात, फुलं एका घमेल्यात आणि वाळका पाला दोन-तीन घमेल्यांत, कारण पाला हलका असतो. शिवाय गणपतीत घरोघरी सोललेल्या नारळांच्या शेंड्या आम्ही गोळा केल्या. त्या कुजायला फार वेळ लावतात आणि नेमका तोच त्यांचा गुण : ढिगात हवेच्या वाटा मोकळ्या राहतात. करवंट्या मात्र बाहेर. हारांतला प्लास्टिकचा दोरा आणि जरीही आधी काढायची, हे काम बच्चेकंपनीने वाटून घेतलं. भाद्रपदातल्या दमट हवेत फुलं पसरून वाळत नाहीत, म्हणून पाला लागतोच. दसऱ्याच्या झेंडूचं सोपं असतं. ऑक्टोबरचं ऊन दोन दिवसांत तोरणं कुरकुरीत करून देतं आणि सोन्याची पानं त्याच ढिगात जातात.

बाजारात यासाठी 'कल्चर'च्या पुड्या महाग विकल्या जातात. जिवाणू प्रत्येक पाकळीवर आधीच बसलेले असतात. विरजणासारखं काही हवंच असेल, तर जुन्या खताच्या दोन मुठी पुरतात.

'निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडायचं असतं,' असं सांगणाऱ्या काकू आमच्याकडेही आहेत. मुंबईच्या उबदार पाण्याच्या एका लिटरात ऑक्सिजन 7-8 मिलिग्रॅम मावतो, हवेच्या एका लिटरात सुमारे 270. खाडीत फुलं कुजायला लागली की तेवढासा ऑक्सिजन जिवाणू पितात आणि माशांना उरत नाही. लोकलमधून भाईंदरच्या खाडीत पिशव्या भिरकावणाऱ्यांचं तर काय सांगावं. सप्टेंबर 2025 मध्ये नायगावजवळच्या रेल्वे पुलावरून चालणाऱ्या पाणजू बेटावरच्या एका तरुणाचा, गाडीतून फेकलेला नारळ लागून जीव गेला. पालिकेचे निर्माल्य कलश विसर्जनाच्या जागी ठेवलेले असताना ही कसली भक्ती?

सणाचा बाकीचा कचरा तसा सरळ आहे. मखरासाठीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. घरात जुना असेल तर चुरा न करता अख्खा सुक्या कचऱ्यात द्या, तुकडे झाले की गटारांत जाऊन बसतो. मिठाईचा साधा पुठ्ठा ढिगात चालतो. चकाकत्या अस्तराचा चालत नाही, कारण ते प्लास्टिक असतं. दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या ट्यूबलाइट, सेल आणि मुदत संपलेली औषधं वेगळ्या पिशवीत. फटाक्यांची राख आणि कागद ओल्या कचऱ्यात नको, त्यात बेरियमसारखे धातू असू शकतात.

पेटीतला आकडा मी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहीत होतो. 62, 64, 59. ढीग उलटल्यावर पुन्हा 61. घटस्थापनेला 48, लक्ष्मीपूजनाला 33. आता तो बाहेरच्या हवेइतकाच आहे, काळाभोर, आणि मूठ भरून नाकाशी धरली तर मातीचा वास येतो. तळमजल्यावरच्या आजींनी तुळशीच्या लग्नासाठी त्यातलं दोन डबे खत आधीच राखून ठेवलं आहे.