टीव्ही केबल म्हणजे किकडाउन केबल नव्हे

जुन्या शेव्हरले सी-10 पिकअपमधला टीएच350 हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढला, जंकयार्डातून (भंगार गाड्यांच्या आवारातून) 700आर4 हा चार गिअरचा ऑटोमॅटिक आणून बसवला, आणि महिन्याभरात तिसरा-चौथा गिअर धरेनासा झाला. अमेरिकेतल्या आपल्या जुन्या गाड्यांच्या नादिष्ट मंडळींकडून ही कहाणी मी इतक्यांदा ऐकली आहे की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: केबल कशी लावलीस? उत्तरही ठरलेलं: "किकडाउन केबल ना? लावली की, जुनीसारखीच." तिथेच घात झालेला असतो.

आधी टीएच350 घ्या. 1969 पासूनचा, तीन गिअरचा, दणकट. त्याच्या उजव्या अंगाने केबल निघते ती कार्ब्युरेटरला जाते. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला की ती आतला व्हॉल्व्ह ओढते आणि गाडी एक गिअर खाली येते; हेच किकडाउन. ही केबल तुटली किंवा कुणी लावलीच नाही, तरी गाडी वर्षानुवर्षं चालते. ओव्हरटेक करताना तेवढी मार खाते. कारण इंजिनावर भार किती आहे हे टीएच350 ला केबलमधून कळतच नाही; ते सांगतो व्हॅक्यूम मॉड्युलेटर, म्हणजे इंजिनातल्या व्हॅक्यूमवरून भार ओळखणारा भाग.

1982 साली आलेल्या 700आर4 मध्ये मॉड्युलेटरच नाही. केबल मात्र तशीच उजव्या अंगाने निघते, तशीच कार्ब्युरेटरला अडकते, दिसतेही तशीच. म्हणून माणूस फसतो. ही टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची. ॲक्सिलरेटर जरासा हलला की ती आतल्या स्प्रिंगवर दाब देते, त्यावरून पंपाला कळतं की तेलाचा दाब वाढवायचा आहे. क्लच प्लेटा एकमेकींना घट्ट धरून ठेवतो तो हाच दाब. म्हणजे पाय टेकवल्यापासून तळाला जाईपर्यंत, प्रत्येक क्षणी, ही केबल प्लेटांची पकड ठरवत असते. किकडाउन हे तिच्याकडचं एक किरकोळ काम.

केबल सैल राहिली तर इंजिन जोर लावतं आणि दाब मात्र रिकाम्या गाडीचा राहतो. प्लेटा घसरतात, घासतात, जळतात. सगळ्यांत आधी 3-4 चा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जातो. एका मित्राच्या 1978 च्या ट्रकच्या गिअरबॉक्सचं पॅन, म्हणजे खालची तेलाची परात, मी स्वतः उघडलं. तेलाला करपलेला वास, तळाशी बोटाला चिकटणारा काळा गाळ, आणि 3-4 च्या प्लेटांवरचं अस्तर जाऊन उघडं पडलेलं पोलाद. जंकयार्डवाल्याने फसवलं असं त्याला वाटत होतं. गिअरबॉक्स चांगलाच होता.

"केबल जरा सैल ठेव, शिफ्ट मऊ होतात" हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. 700आर4 मध्ये लवकर आणि लोण्यासारखे पडणारे शिफ्ट ही बहुतेक वेळा क्लच जळत असल्याची खूण असते. उलट शिफ्ट उशिरा आणि धक्क्याने पडत असतील तर केबल जास्त ताणलेली आहे. दोहोंतला एक दोष निवडायचाच झाला, तर मी डोळे मिटून दुसरा निवडेन.

याहून बारीक गोम कार्ब्युरेटरच्या लिव्हरमध्ये आहे. 700आर4 सोबत कंपनीतून आलेल्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवर केबलची खुंटी नेमक्या अंतरावर असते. बाजारातून आणलेल्या कार्ब्युरेटरवर ते अंतर जुळेलच असं नाही. मग पूर्ण थ्रॉटलला केबल बरोबर ताणली जाते, पण अर्ध्या थ्रॉटलला हवी त्यापेक्षा कमी ओढली जाते, आणि रोजचं चालवणं तर अर्ध्या थ्रॉटललाच असतं. यासाठी दुरुस्तीचा लिव्हर आणि ब्रॅकेट तयार मिळतात. ते घ्या. पत्र्याची पट्टी वाकवून भोक पाडू नका. केबलही नवीच घ्या, जंकयार्डातली आतून गंजलेली असते.

जुळवणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवा. केबलवरची पत्र्याची कळ दाबा, सरकती नळी थ्रॉटलपासून दूर, मागे टेकेपर्यंत ढकला, कळ सोडा, आणि थ्रॉटल हाताने पूर्ण उघडा. कट-कट आवाज करत केबल आपली लांबी घेते. मात्र लिव्हरचं अंतर चुकलेलं असेल तर ही जुळवणी काही कामाची नाही.

बाकीचे फरक मोजपट्टीने सुटतात. टीएच350 च्या पॅनला 13 बोल्ट, 700आर4 ला 16. लांबी वेगळी, म्हणून क्रॉसमेंबर, म्हणजे गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी, सरकवावा लागतो. प्रॉपेलर शाफ्टचं टीएच350 ची शेपटी (मागचा निमुळता भाग) किती लांबीची होती त्यावर ठरतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलावर चालणाऱ्या जोडणीच्या) लॉकअपची, म्हणजे ती घट्ट जखडणारी, वायर जोडा, नाहीतर ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये, तेल तापतं. 1990 पासून यालाच 4एल60 म्हणू लागले. शेवटी ई असेल तर तो कॉम्प्युटरवर चालणारा, त्याला ही केबलच नसते. निवड हातात असेल तर 1987 किंवा त्यानंतरचा उचला, आतल्या बऱ्याच सुधारणा तेव्हा झाल्या.

आणि 300 पीएसआयचा प्रेशर गेज विकत घ्या. मी त्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू देत नाही. ड्रायव्हरच्या बाजूला, गिअर लिव्हरच्या दांड्याच्या वर, त्यासाठीचं भोक आहे. गेज लावा, इंजिन चालू करा, पार्कमध्ये ठेवा आणि केबल हाताने हळूहळू ओढा. केबल हलताक्षणी काटा चढायला लागला पाहिजे. शेवटच्या टोकाला एकदम उडी मारत असेल, तर तुम्ही अजून किकडाउन केबलच लावलेली आहे.