‘सत्तावननंतर तोफ गोऱ्यांच्याच हाती’ हे अर्धसत्य

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी भारतीयांना तोफेजवळ फिरकूच दिले नाही आणि १९३५ मध्ये बंगळूरला पहिली भारतीय फील्ड ब्रिगेड (मैदानी तोफखान्याचे दल) उभी राहीपर्यंत देशी तोफची असा कोणी नव्हताच, हे विधान वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्यातला पूर्वार्ध बहुतांशी खरा आहे, कारण उठावानंतर देशी तोफखाना जवळजवळ मोडीत काढण्यात आला. परंतु त्यातून काही मोजक्या डोंगरी तोफखान्यांना वगळले होते, याचा विसर पडणे त्या तोफच्यांवर अन्याय करणारे आहे.

यातलीच एक मुंबईची ५ वी माउंटन बॅटरी, म्हणजे डोंगरी तोफांची तुकडी. २८ सप्टेंबर १८२७ रोजी, मुंबई इलाख्याच्या गोलंदाज पलटणीतील एक कंपनी म्हणून ती स्थापन झाली. (‘गोलंदाज’ म्हणजे मुळात तोफ डागणारा, क्रिकेटचा अर्थ नंतरचा.) भारतीय तोफखाना आपला स्थापना दिवस आजही याच तारखेला पाळतो.

या डोंगरी तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादल्या जात. अडीच इंची तोफेची तर नळीच दोन तुकड्यांची असे. ठिकाणावर पोहोचल्यावर ते तुकडे आट्यांनी जोडून तोफ डागायची. अधिकारी इंग्रज असत, पण खेचरे हाकणारे आणि तोफ चालवणारे हात भारतीय होते. पहिल्या महायुद्धात, २५ एप्रिल १९१५ रोजी, तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांबरोबर कोहाट व जेकब्ज या भारतीय डोंगरी बॅटऱ्याही उतरल्या होत्या, म्हणजे बंगळूरच्या त्या ब्रिगेडच्या २० वर्षे आधी.