टॅपिंग उपचार

भीती, चिंता, जुन्या आघातांच्या आठवणी, अनावर हाव अशा त्रासांवर चेहऱ्यावरच्या आणि धडावरच्या ठरावीक बिंदूंना बोटांनी हलके ठोके देण्याची पर्यायी उपचारपद्धती. तिचे सर्वांत प्रचलित रूप म्हणजे ‘इमोशनल फ्रीडम टेक्निक्स’ ऊर्फ ईएफटी. नुसते ‘टॅपिंग’ म्हटले तरी बहुधा तेच अभिप्रेत असते. त्या बिंदूंमुळे काही घडते याला पुरावा मिळालेला नाही. ठोके दिल्यावर अनेकांना बरे वाटते, हे मात्र नाकारण्याचे कारण नाही. वाद आहे तो बरे कशामुळे वाटते याचा.

सत्राची सुरुवात आकड्याने होते. छळणारी एकच नेमकी गोष्ट मनात आणायची आणि या क्षणी तिचा त्रास किती, ते ० ते १० मध्ये सांगायचे. मग कराटेचा वार तळहाताच्या ज्या कडेने करतात, ती करंगळीखालची मांसल कड दुसऱ्या हाताच्या बोटांनी थोपटत तीनदा म्हणायचे : ‘मला ही भीती वाटत असली, तरी मी स्वतःला मनापासून आणि पूर्णपणे स्वीकारते.’ त्यानंतर भुवईचे नाकाकडचे टोक, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचे हाड, नाक आणि वरचा ओठ यांमधली खाच, खालच्या ओठाखालची खळगी, गळ्याच्या हाडाखालची जागा, काखेच्या चार बोटे खाली आणि शेवटी डोक्यावरची टाळू असा फेरा होतो. प्रत्येक ठिकाणी पाच-सात ठोके, आणि तोंडाने ‘ही भीती, ही भीती’ चालूच. फेरा संपला की पुन्हा आकडा विचारतात. आठाचा पाच झाला, तर पुढचा फेरा ‘उरलेल्या भीती’साठी. मूळ कृतीत याखेरीज एक गमतीदार टप्पा होता : हाताच्या पाठीवर, अनामिका आणि करंगळी यांच्या मुळांमधल्या खोलगट जागी ठोके देत डोळे मिटायचे, उघडायचे, मान न हलवता खाली उजवीकडे आणि डावीकडे बघायचे, बुबुळे दोन्ही दिशांनी गरगर फिरवायची, एखादी धून गुणगुणायची, एक ते पाच मोजायचे आणि पुन्हा गुणगुणायचे. आता बरेच जण तो गाळतात. आणि तो गाळल्याने गुण कमी आल्याची तक्रारही फारशी ऐकू येत नाही.

पद्धतीचा उगम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहन यांच्याकडे जातो. १९८० च्या सुमारास पाण्याची तीव्र भीती असलेली एक स्त्री त्यांच्याकडे उपचार घेत होती आणि नेहमीच्या उपायांनी तिला फारसा गुण येत नव्हता. पाण्याचा विचार आला की पोटात कसेतरी होते, असे ती म्हणाली. अ‍ॅक्युपंक्चरच्या नकाशात जठराची ऊर्जावाहिनी डोळ्याखालून निघते, हे आठवून कॅलहन यांनी तिला तिथे ठोके द्यायला सांगितले आणि भीती पाहता पाहता गेली, अशी त्यांची हकीकत आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, की कावळ्याच्या वजनानेच फांदी तुटली, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. कॅलहन यांनी मात्र त्यातून ‘थॉट फील्ड थेरपी’ उभारली. प्रत्येक व्याधीला बिंदूंचा वेगळा क्रम, आणि तो चुकवून चालणार नाही, असा त्यांचा दंडक होता. फोनवर रुग्णाचा आवाज ऐकूनच क्रम ओळखण्याचे तंत्रही ते मोठ्या शुल्कात शिकवत.

त्यांच्याकडे शिकलेले गॅरी क्रेग हे स्टॅनफर्डचे अभियांत्रिकी पदवीधर. सगळेच बिंदू दरवेळी थोपटले, तर हवा तो त्यात येणारच, असा हिशेबी विचार करून त्यांनी १९९० च्या दशकात सगळ्या त्रासांसाठी एकच क्रम ठरवला. हीच ईएफटी. ती विनाखर्च, घरबसल्या करण्याजोगी असल्याने झपाट्याने पसरली. क्रम महत्त्वाचा की नाही, याबद्दल गुरू आणि शिष्य परस्परविरुद्ध बोलतात आणि दोघांचेही रुग्ण बरे होतात, ही बाब खरे तर प्रयोगाआधीच विचारात पाडणारी होती.

सिद्धान्त असा की नकारात्मक भावना म्हणजे देहातील ऊर्जाप्रवाहातला बिघाड, आणि ठोक्यांनी तो दुरुस्त होतो. अशी ऊर्जा किंवा तिच्या वाहिन्या शरीररचनाशास्त्राला आढळलेल्या नाहीत. शिवाय सिद्धान्ताला पळवाटा भरपूर आहेत. गुण आला नाही, तर रुग्णात ऊर्जेचा ‘मानसिक उलटफेर’ झालेला असतो किंवा एखादे ‘ऊर्जाविष’ आड येते. गुण आला, पण रुग्ण म्हणाला की ‘माझे लक्ष दुसरीकडे वळले म्हणून बरे वाटले असेल’, तर त्यालाही कॅलहन यांच्याकडे ‘एपेक्स’ असे निदान तयार होते.

२००३ मध्ये वेट आणि होल्डर यांनी ११९ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग नेमका मुद्द्यावर बोट ठेवतो. एका गटाने ईएफटीचे बिंदू थोपटले, दुसऱ्याने हातावरच्या भलत्याच जागा, तिसऱ्याने चक्क एक बाहुली. चौथ्याने कागदाचे खेळणे केले. पहिल्या तिन्ही गटांची भीती सारखीच घटली, चौथ्याची नाही. यावर समर्थकांचे उत्तर असे, की बाहुली थोपटताना बोटांची टोके वापरली जातात आणि टोकांवरही बिंदू असतात! २००५ मध्ये मोनिका पिग्नोटी यांनी आवाजावरून काढलेला क्रम आणि वाटेल तसा जुळवलेला क्रम यांची ६६ जणांवर तुलना केली, तेव्हाही फरक दिसला नाही. पिग्नोटी पूर्वी स्वतः कॅलहन यांचे तंत्र वापरत; पुढे त्या त्याच्या टीकाकार झाल्या.

समर्थक २०१२ च्या एका अभ्यासाकडे बोट दाखवतात : ८३ जणांपैकी टॅपिंगच्या गटात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण सुमारे २४ टक्के घटले, इतर दोन गटांत सुमारे १४ टक्के. पण मुख्य संशोधक डॉसन चर्च हे स्वतः ईएफटीचे प्रचारक, आणि चुकीच्या जागी ठोके देणारा गट त्यात नव्हताच. त्यामुळे ‘बिंदू की बाकीचे काही?’ हा प्रश्न तसाच राहतो.

त्या ‘बाकीच्या’त बरेच काही आहे. भीतीची गोष्ट टाळण्याऐवजी पुन्हा पुन्हा मनात आणणे हा वर्तनोपचारातला जुना, सिद्ध उपाय आहे. त्याला स्वीकाराचे वाक्य, लक्ष वळवणारी हालचाल, ऐकून घेणारे माणूस आणि गुण येईल ही अपेक्षा यांची जोड मिळते. जेराल्ड रोझेन आणि जेराल्ड डेव्हिसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा पद्धतींसाठी जांभळ्या टोपीचे उदाहरण दिले आहे : सिद्ध उपचार करताना रुग्णाच्या डोक्यावर जांभळी टोपी चढवायची आणि गुण आला की नव्या ‘टोपी उपचारा’ची घोषणा करायची.

ठोक्यांनी शरीराला इजा होत नाही. धोका संभवतो तो तीव्र नैराश्य किंवा आघातोत्तर ताणविकार असलेला रुग्ण सिद्ध उपचार सोडून यावरच विसंबला तर, किंवा जाणत्या मदतीवाचून भीषण आठवणी उकरू लागला तर. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९९९ मध्ये थॉट फील्ड थेरपीच्या प्रशिक्षणाला मानसशास्त्रज्ञांच्या निरंतर शिक्षणाचे गुण देऊ नयेत, असे कळवले होते.