बॅटरी भरल्यावर पॅनेल काय करतं?

महावितरणची तार न पोचलेल्या शेतघरावर सोलर बसवलं की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास येते: "1080 वॅटची पॅनेलं, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि डिस्प्लेवर 180 वॅट! फसवलं की हो." फसवलेलं नसतं. बॅटरी अकरालाच भरलेली असते आणि घरात फ्रिज नि दोन पंखे चालू असतात, त्यांना लागतात तेवढेच 180. बाकीची वीज, टाकी भरल्यावर पाणी ओसंडावं तशी वाया जाते असा समज आहे. पण ती मुळात तयारच झालेली नसते.

सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यांच्या जागी 'होल' उरतात. बाहेरचं सर्किट त्यांना ओढत असेल तर ते तारेतून काम करून परत येतात. कोणी ओढलं नाही तर ते साचतात, व्होल्टेज चढतं. पॅनेलमधला प्रत्येक सेल हा मुळात डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. व्होल्टेज पुरेसं चढलं की तो आतल्या आतच वाहू लागतो, इलेक्ट्रॉन-होल पुन्हा एक होतात आणि ऊर्जेची उष्णता होते. पॅनेल थोडं जास्त तापतं, बिघडत नाही. 540 वॅटचं पॅनेल 25 अंशांना साधारण 41 व्होल्टवर पूर्ण ताकद देतं आणि 49 च्या आसपास शून्य! बॅटरी भरली की एमपीपीटी कंट्रोलर (एरवी पॅनेलला पूर्ण ताकदीच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा डबा) मुद्दाम 41 कडून 49 कडे सरकतो. तापलेल्या पॅनेलचे दोन्ही आकडे खाली येतात, पण खेळ तोच. पॅनेलचं व्होल्टेज चढलेलं आणि अँपिअर पडलेले दिसले की न वापरलेली ताकद शिल्लक आहे म्हणून समजावं.

किती, ते मात्र व्होल्टेज सांगत नाही. प्रकाश निम्मा झाला तरी ते जेमतेम हलतं. शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा करंट, मात्र प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलतो. म्हणून मोठ्या पॅनेलांशेजारी, त्याच उतारावर, 10 वॅटचं एक चिमुकलं पॅनेल ठेवायचं आणि मल्टीमीटर डीसी 10 अँपिअरच्या रेंजवर लावून त्या पॅनेलची दोन टोकं मीटरमधून जोडायची. (मोठ्या पॅनेलांवर हा उद्योग करू नका, डीसीची ठिणगी लवकर विझत नाही.) मागच्या लेबलवर शॉर्ट सर्किट करंट (Isc) 0.60 अँपिअर आणि मीटरवर 0.48, म्हणजे ऊन 80 टक्के. 1080 चे झाले 864. सेल 60 अंशांवर असेल तर 25 च्या वरच्या दर अंशाला सुमारे 0.35 टक्के वजा: उरले 758. तारा आणि कंट्रोलरचे 5 टक्के सोडले की 720. त्यातून चालू लोडचे 180 गेले. शिल्लक 540 वॅट.

चुंबक फिरवून 'फुकट वीज' काढणारे व्हिडिओ मोबाइलवर येतच असतात. त्यात असा हिशेब कधी दिसत नाही, कारण मांडला तर शिल्लक शून्याखाली जाते.

आपल्या 540 वॅटच्या हिशेबाची पडताळणी सोपी आहे. भर दुपारी मिक्सर लावा. पॅनेलचे वॅट तेवढेच वाढले आणि बॅटरीतून काहीच निघालं नाही, तर हिशेब जमला. अर्ध्या एचपीच्या पंपाला मात्र सुरू होताना कितीतरी पट करंट लागतो. तिथे 540 वॅट शिल्लक असूनही छोटा इन्व्हर्टर ट्रिप होऊ शकतो.