बटणांचा शर्ट कपाटात कोण ठेवणार?

सकाळचे सात वाजलेत. वृद्धांना कायमचे ठेवून सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहातले, डिमेन्शिया (स्मृती आणि समज ढासळवणारा आजार) असलेले एक आजोबा आंघोळीच्या वेळी मदतनिसाला ढकलतात, एखादी चापटही बसते. ड्युटी संपताना रजिस्टरात ओळ पडते: ‘सकाळी हिंसक झाले.’ तीन दिवस तीच ओळ. चौथ्या दिवशी डॉक्टरांना निरोप जातो आणि शांत करणारी गोळी सुरू होते.

याच प्रसंगाची नोंद अशीही होऊ शकते: ‘टी-शर्ट काढायला उजवा हात वर केला तेव्हा ओरडले, ढकलले. हात सोडल्यावर शांत झाले.’ आता वाचणारा लगेच विचारेल, खांदा तर दुखत नाही ना? तपासणीत खांदा आखडलेला निघतो. डॉक्टरांना विचारून आंघोळीआधी पॅरासिटामॉल दिली जाते, अंगात पुढून बटणे असलेला शर्ट येतो आणि ढकलाढकली थांबते.

प्रसंग मी रचलेला आहे, पण डिमेन्शियातल्या वर्तनाकडे पाहण्याची रीत हीच. आधी काय घडले, माणसाने नेमके काय केले, त्यानंतर काय झाले, हे तीन रकान्यांत लिहायचे. ‘हिंसक’, ‘हट्टी’ असली विशेषणे रकान्यात बसत नाहीत, हा त्या कागदाचा मोठा गुण. दुखण्याचा मुद्दाही किरकोळ नाही. नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांतल्या ३५२ रहिवाशांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना डिमेन्शिया होता आणि सगळेच अस्वस्थ, चिडचिडे झालेले होते. त्यांपैकी एका गटाला पायरीपायरीने वेदनाशामके दिली, बहुतेकांना तर फक्त पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्या गटाची अस्वस्थता सुमारे १७ टक्क्यांनी उतरली.

गोळीने गप्प करण्याची किंमत मोठी आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक, म्हणजे गंभीर मनोविकारांवरच्या आणि शांत करायलाही वापरल्या जाणाऱ्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा साधारण दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४.५ टक्के दगावले होते, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. २००८ मध्ये तोच इशारा जुन्या पिढीच्या औषधांनाही लागू झाला.

गोळीविना भागते का? बऱ्याच अंशी भागते. इंग्लंडमधल्या १२ शुश्रूषागृहांच्या २००६ सालच्या अभ्यासात निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना दहा महिने प्रशिक्षण आणि आधार मिळाला. वर्षाअखेरीस तिथे २३ टक्के रहिवासी अशी औषधे घेत होते, उरलेल्या ठिकाणी ४२ टक्के. मात्र नुसती गोळी काढून घेणे हा उपाय नव्हे. ब्रिटनमध्येच पुढे झालेल्या एका चाचणीत दिसले, की औषधांचा फेरविचार केला पण सोबतीला कुणाचे बोलणे-बसणे नसले, तर वर्तनाच्या तक्रारी वाढतात. गोळीच्या जागी माणूस द्यावा लागतो.

खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण माणूस टिकत नाही. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत २०१७-१८ मध्ये परिचर्या कर्मचारी बदलण्याचे सरासरी प्रमाण वर्षाला सुमारे १२८ टक्के होते. शंभरच्या वर कसे, असे वाटेल. एकाच जागेवर वर्षात दोन-तीन माणसे येऊन गेली की आकडा तसा फुगतो. म्हणजे जानेवारीत शिकवलेले शहाणपण डिसेंबरपर्यंत दाराबाहेर. आजोबांच्या खांद्याचे कोडे जिने सोडवले ती ताई दुसरीकडे लागली, नव्या मुलीने डोक्यावरून टी-शर्ट काढायला घेतला, आणि रजिस्टरात पुन्हा ‘हिंसक’.

म्हणून मला प्रशिक्षणाच्या दिवसाचे, फोटो-प्रमाणपत्रांचे फारसे कौतुक वाटत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी निवासी केंद्रांत ‘स्टार-व्हीए’ नावाचा कार्यक्रम २०१० पासून राबवला गेला. त्यात कार्यशाळेनंतर सुमारे सहा महिने तज्ज्ञांचा सल्ला चालू राहतो, आणि केंद्रातला एक मानसोपचार क्षेत्रातला माणूस व एक परिचारिका अशी जोडी जबाबदारी घेते. जोडी असल्याचा फायदा उघड आहे: एक बदलून गेला तरी दुसरा उरतो. तिथेही अडथळे ओळखीचेच होते, माणसांची ये-जा आणि वेळेची ओढाताण. तारले ते वरिष्ठांच्या पाठिंब्याने आणि सगळ्या टीमच्या सहभागाने.

वेगळे रजिस्टर, वेगळी बैठक, वेगळा फॉर्म असे काही काढले, की दोन माणसे रजेवर गेल्या दिवशी सर्वांत आधी तेच सुटते. टिकते ते रोज होणारच असलेल्या कामात मिसळलेले. शिफ्ट बदलताना चार्ज देतातच, त्यात एक वाक्य आजोबांच्या उजव्या हाताचे. नवी मदतनीस पहिल्या आठवड्यात कुणाच्या तरी हाताखाली असतेच, तेव्हा तिने तीन रकाने एकदा स्वतः भरायचे.

मोजणीही हवी, पण जपून. अमेरिकेत शुश्रूषागृहांतली अँटिसायकोटिक औषधे कमी करण्याची राष्ट्रीय मोहीम २०१२ मध्ये सुरू झाली आणि आकडे खरेच घसरले. पण मोजताना स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे रुग्ण वगळले जात, कारण ही औषधे मुळात त्यांच्यासाठीच. मग काही ठिकाणी कागदोपत्री स्किझोफ्रेनियाच वाढला! त्यापेक्षा ‘या आठवड्यात आंघोळीच्या वेळी किती ओझरते-जोरात फटके बसले’ ही भिंतीवरची साधी मोजणी कर्मचाऱ्यांना जास्त पटते, कारण फटके त्यांनाच बसतात.

आणि या साखळीत धुलाईवाला नेहमी विसरला जातो. धुऊन आलेले कपडे कुणाच्या कपाटात कोणते ठेवायचे, हे त्याच्या हातात असते. आजोबांच्या खणावर ‘फक्त बटणांचे शर्ट’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर उद्या सकाळी सात वाजता नवी मुलगी आपोआप योग्य शर्ट उचलेल, तिला खांद्याची गोष्ट कुणी सांगितलेली नसली तरी.